बागेतला घास

कुंदाताई सबनीसांनी डब्याचं झाकण उघडलं, तसा बागेतला खांब बोलला, "शिजवलेल्या अन्नाचा वास आला आहे. बागेत बेघरांना खाऊ घालण्यास मनाई आहे."

बाकाखाली तुळशीराम पडला होता. पूर्वी त्यांच्याच इमारतीखाली तो इस्त्रीची टपरी लावायचा. आता भुकेने त्याला उठून बसवतही नव्हतं.

"नका ताई," तो पुटपुटला. "बर्वे मास्तरांनी मला भाकरी दिली, तर त्यांच्या घराचं दार त्यांना ओळखेनासं झालं. अजून ते रस्त्यावरच आहेत."

"मग काय तुला मरताना बघत बसू?"

त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी मऊ भाताचा घास त्याच्या तोंडात घातला. तो रडत रडत गिळत होता. खांबावरचा दिवा लाल झाला, तरी डबा रिकामा होईपर्यंत त्या भरवत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी दारावर तळहात टेकवला. दार हललं नाही.

"ही व्यक्ती बेघर आहे," दार म्हणालं.

"आई, आतूनही उघडत नाही गं!" आतून निमा ओरडली.

कुंदाताईंनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. हात सुजले, घसा बसला. संध्याकाळी शेजारच्या कदमवहिनी झाकलेलं ताट घेऊन बाहेर आल्या. जिन्यातला कॅमेरा त्यांच्याकडे वळला.

"वहिनी, निदान पाणी तरी..."

कदमवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ताटासकट मागे सरकल्या आणि त्यांनी आवाज न करता दार लावून घेतलं.