पेटीची जागा

सल्लागाराच्या सांगण्यावरून मृणालताईंनी आपल्या कोकम सरबताच्या कारखान्यात तक्रारपेटी लावली. दर शनिवारी त्या उत्सुकतेनं कुलूप काढायच्या, आणि पेटी रिकामी! एवढ्या बायका कामाला, अन् कुणाचंच काही गाऱ्हाणं नाही?

शेवटी त्यांनी बाटल्या भरणाऱ्या शेवंतीलाच विचारलं. ती पदराआड हसली. "ताई, पेटी तुमच्या टेबलासमोर. तुमच्यादेखत कोण टाकणार?"

ताईंनी जीभ चावली आणि पेटी मागे, बायकांच्या संडासाजवळ नेऊन टांगली.

पुढच्या शनिवारी पेटी हलवली तर आत काहीतरी खडखडलं. चिठ्ठी नव्हती, नुसती एक गंजलेली, तुटकी कडी होती. ही कुठली? ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली, मग त्यांची नजर संडासाच्या दाराकडे गेली. त्यांचा स्वतःचा संडास ऑफिसातच होता. इकडे यायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्या आत शिरल्या, दार लोटलं. ते आपसूक उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा तेच.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ओढून घट्ट धरलं. शेवंतीचा आवाज आला, "कोण गं आत? बस निवांत, मी धरलंय."