ताटलीतला नमुना

पहिले चार दाणे मेंबरांनीच तोंडात टाकले. त्यात वाईट हेतू नव्हता. गहू समोर आला की दाढेखाली धरून बघायचा, ही त्यांची जुनी खोड. तिला खळं काय आणि धान्य सल्लागार मंडळाची सभा काय, सारखंच. दाणा कट्‌कन फुटला. चांगला वाळलेला होता. मेंबरांना बरं वाटलं, कारण गहू त्यांच्या वहिनीचा होता आणि वहिनी बाहेर बाकावर बसली होती.

कापणीच्या ऐन वेळी पाऊस आला होता आणि गावोगावच्या गव्हाची चमक गेली होती. असा गहू सरकारने विकत घ्यायचा की नाही, एवढंच मंडळाने सांगायचं होतं. एरवी मंडळाचा सल्ला कोणी घेत नसे, आणि मंडळालाही त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पण या वेळी खरेदी केंद्र खरोखरच सल्ल्यासाठी अडून बसलं होतं. वहिनीचं सगळं पीक केंद्राच्या दारात ताडपत्रीखाली पडून होतं.

"तुम्ही नुसता ओंजळभर नमुना आणा वहिनी," मेंबर म्हणाले होते, "आत मी आहे ना."

ते होतेच. शेतकऱ्यांच्या वतीने मंडळात ते एकटेच होते. गावात त्यांना मेंबर म्हणत, हल्ली घरातही.

अध्यक्ष बोलत होते. चहा यायचा होता. बोलता बोलता अध्यक्षांनी ताटलीतले थोडे दाणे उचलले, बहुधा हाताला चाळा म्हणून, आणि हात आपसूक तोंडाकडे गेला. मग तज्ज्ञ बाईंनी उचलले. त्यांनी दाणे आधी चष्म्यासमोर धरले, त्यामुळे ते खाणं न वाटता तपासणी वाटली. गिरणीवाल्याने असले उपचार पाळले नाहीत. त्याने ताटली सरळ आपल्याकडे ओढली.

"गोड आहे हो," तो मेंबरांच्या कानाशी म्हणाला आणि चिमूटभर त्यांच्याही हातावर ठेवता झाला. ताटली टेबलाभोवती फिरू लागली.

कच्चा गहू चावत राहिलं की त्याचा चिकट गोळा होतो, आणि मग तो टाकवत नाही. सगळ्यांचेच जबडे हलत होते. काचेतून कोणी पाहिलं असतं, तर मंडळात जोरदार चर्चा चालली आहे असंच वाटलं असतं.

"तर ठराव असा," अध्यक्ष म्हणाले आणि तोंडातला गोळा त्यांनी या गालातून त्या गालात नेला. "पावसात सापडलेला हा गहू माणसांच्या खाण्यास अयोग्य असल्याने सरकारने घेऊ नये. शेतकऱ्यांनी तो पशुखाद्यासाठी विकावा, असा मंडळाचा सल्ला आहे."

"यात शेतकऱ्यांचंच हित आहे," गिरणीवाला म्हणाला. पशुखाद्याचा कारखानाही त्याचाच होता. "माल पडून तर राहणार नाही. मी घेईन की, पडेल त्या भावाने."

"कोणाचा विरोध?" अध्यक्षांनी मेंबरांकडे पाहिलं. पाहिलं ते प्रेमानेच. मंडळाची मुदत संपत आली होती, नव्या मंडळात कोणाला ठेवायचं ते अध्यक्षच ठरवणार होते, आणि असल्या वेळी ते सगळ्यांकडेच प्रेमाने पाहत.

मेंबरांच्या तोंडात गोळा होता. तो गिळायला एक क्षण पुरला असता. अध्यक्ष थांबलेही होते. मेंबरांनी तो क्षण चावण्यात घालवला. भरल्या तोंडाने बोलू नये असं त्यांना आईने लहानपणी शिकवलं होतं, आणि आईचं इतकं तंतोतंत त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं.

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

चहा आला. मेंबरांनी तो घेतला नाही.

बाहेर येताच वहिनी बाकावरून उठली. "काय झालं भाऊजी?"

मेंबर आपल्या चपलेचा अंगठा निरखत उभे राहिले. तेवढ्यात मागून शिपाई आला. "बाई, ही तुमची पिशवी राहिली."

वहिनीने पिशवीत पाहिलं, मग ती उलटी करून झटकली. "आणि गहू?"

"संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे खाल्ला," शिपाई म्हणाला. "चहाला उशीर झाला ना. अध्यक्षसाहेबांनी तर शेवटी ताटलीच पुसून घेतली."

वहिनीचा सगळा चेहरा उजळला.

"सगळा खाल्ला? अगं बाई! मग पास झाला म्हणा की!" तिने पिशवीची नीट घडी घातली आणि काखेत धरली. "मी इथे उगाच जीव मुठीत धरून बसले. म्हटलं, एवढी मोठी माणसं, आपला गहू तोंडाला तरी लावतात की नाही. पण तुम्ही आत होतात ना. चला, हमालांना सांगू, ताडपत्री काढा म्हणावं."

मेंबरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. गोळा टाळूला चिकटून बसला होता.

"अहो, आधी गिळा ते," वहिनी हसून म्हणाली. "मग सांगा. आता कसली घाई आहे?"

मेंबर चावत राहिले.