ऑर्विलच्या सहीनं

पहिलं अक्षर पेन न उचलता, एका दमात. शेवटच्याला खाली लांब शेपूट.

धडा पहिला, प्रश्न तिसरा: शुभवर्तमानं किती, आणि ती कुणाकुणाची?

फ्रीझरमध्ये अंत्यविधीच्या दिवशी आलेले चीज-बटाट्याचे तीन डबे. एकही उघडलेला नाही.

विद्यार्थ्याचं आडनाव विचारू नये. गुन्हा विचारू नये. स्वतःचा पत्ता कळवू नये.

लेवीय, बायबलमधलं तिसरं पुस्तक, अध्याय तेरावा: अंगावरचे चट्टे, त्यांतले पांढरे केस, माणसाला सात दिवस वेगळं ठेवणं.

आर्डिथनं किराणा दुकानाच्या जाहिरातीच्या कोऱ्या पाठीवर नऊ वेळा सही गिरवली. दहाव्यांदा ती धड्याच्या तळाशी केली. ‘शाबास, थेरॉन. तुमचा बंधू, ऑर्विल.’

ऑर्विलला जाऊन तीन आठवडे झाले होते. वीस वर्षं तो याच टेबलावर कैद्यांचे बायबलचे धडे तपासायचा. सोडवलेले धडे संस्थेच्या ऑफिसातून टपालानं यायचे, तपासून टपालानंच परत जायचे. वर फक्त पहिलं नाव आणि नंबर. तिकडे तुरुंगाचा पाद्री सगळी पाकिटं प्रार्थनेच्या खोलीत टेबलावर ठेवायचा, ज्याचं त्यानं उचलायचं.

शेवटी शेवटी ऑर्विलकडे एकोणीस धडे झालेला थेरॉन हा एकच विद्यार्थी उरला होता. अंत्यविधीनंतर आठवड्याभरात त्याचं पाकीट आलं. परत धाडून द्यावं म्हणून आर्डिथनं ते उघडलं. आत चिठ्ठी होती. ‘बंधू ऑर्विल, मला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची आहे. हाताला लागलंय, म्हणून अक्षर वेगळं दिसेल. कंटाळू नका. तुमच्या चार ओळींवर इथला आठवडा निघतो.’

अशा माणसाला काय कळवायचं? तिनं लाल पेन उचललं.

मागचं दार ढकलून व्हर्लीन आत आली. ऑर्विलची थोरली बहीण. दार वाजवायची पद्धत तिच्यात नव्हती. हातात राजम्याचं भांडं.

“हे काय मांडलंयस?”

“धडे तपासतेय.”

“तू?” व्हर्लीननं भांडं ओट्यावर ठेवलं. “चव्वेचाळीस वर्षं माझा भाऊ दर रविवारी एकटा गाडी काढून चर्चला आला. आणि तू बायबल शिकवणार?”

“शिकवत कुठे? त्याच्या एक धडा पुढे राहते, एवढंच.”

“सुरुवात कुठून केलीस?”

“पहिल्या पानापासून. पुस्तक आणखी कुठून सुरू करतात?”

“म्हणजे लेवीयात जाऊन रुतली असशील.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळे तिथंच रुततात, बाई. मार्कचं शुभवर्तमान घे. सोळा अध्याय. उगाच पाल्हाळ नाही.”

आर्डिथनं पान उलटलं. “बायबलात ही लाल अक्षरं कसली? थेरॉननं विचारलंय. मला वाटलं, चुका दाखवल्यात.”

व्हर्लीन अंत्यविधीनंतर पहिल्यांदा हसली. “ते येशूचं बोलणं. पण काय गं, एकोणीस धडे केलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नाही?”

“त्याला सगळं नव्यानं करायचंय.”

मग व्हर्लीनला सही दिसली आणि तिचं हसू गेलं.

“मेलेल्या माणसाची सही. तीही देवाच्या वचनाखाली.”

“ऑर्विल गेला म्हणून सांगितलं तर तो सोडून देईल, व्हर्लीन.”

“तो सोडेल, की तुझं सुटेल?”

आर्डिथनं लाल पेनाला टोपण लावलं.

“ईस्टरपर्यंत खरं लिही,” व्हर्लीन म्हणाली. “नाहीतर मी संस्थेच्या ऑफिसला फोन करते.”

मार्च गेला. आर्डिथ मार्क वाचत होती. मंगळवारी टपालपेटीचं झाकण वाजलं की तिला वाटायचं, ‘तुम्ही ऑर्विल नाही’ असं आत लिहिलेलं असेल. तसं कधीच नसायचं.

पाचवा धडा याईराच्या मुलीचा होता. मेलेली मुलगी येशू हाताला धरून उठवतो. थेरॉननं सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती. खाली पेन्सिलीनं एक ओळ होती: ‘ज्यांची उठली नाही, त्यांनी हे कसं वाचायचं?’

त्या दिवशी आर्डिथनं काहीच लिहिलं नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचं लेकरू गेलं, तेव्हा देवाला आणखी एक फूल हवं होतं, असं चर्चचा पाद्री म्हणाला होता. त्यानंतर ती चर्चला गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं लाल शाईत लिहिलं, ‘मला माहीत नाही. आमची अकरा दिवसांची होती.’

पुढच्या पाकिटात उत्तर आलं. ‘माझी सहा वर्षांची.’

थेरॉनचं लग्नच झालं नाही, असं ऑर्विल सांगायचा. ऑर्विलला नीट ठाऊक नसेल.

आता मात्र तिला ती सही करवेना. ईस्टरला आठ दिवस होते. तिनं पत्र लिहिलं.

‘थेरॉन, बंधू ऑर्विल एकतीस जानेवारीला वारले. तेव्हापासून मी, त्यांची बायको, तुमचे धडे तपासतेय. त्याआधी मी हे पुस्तक उघडलेलंही नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी शोधत गेले. तुम्हाला खरा शिक्षक हवा असेल, तर ऑफिसला कळवा. मला राग येणार नाही. आर्डिथ.’

राग येणार नाही, हे तेवढं खोटं होतं.

तो मंगळवार कोरा गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाकीट आलं. ते टेबलावर तसंच पडलं. शेवटी व्हर्लीननंच ते फोडलं.

“काय म्हणतो?” आर्डिथनं ओट्याकडे तोंड करून विचारलं.

“सहावा धडा सोडवून पाठवलाय.” व्हर्लीननं चष्मा सारखा केला. “आणि लिहिलंय, ‘बाई, शिकवायचं थांबू नका. सही आता तुमची करा. पण पाकिटावर नाव थेरॉनचंच असू द्या, नाहीतर ते मला उचलता येणार नाही.’”

खरा थेरॉन नऊ जानेवारीलाच तुरुंगाच्या दवाखान्यात वारला होता, ऑर्विलच्या बावीस दिवस आधी.