अवतरणातलं अवतरण

मलकापूरच्या भाड्याच्या खोलीत बसून अर्पिता लोकांचे इंग्रजी प्रबंध तपासून द्यायची, आणि अवतरणचिन्हांच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. "दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आहे सर, तो जसाच्या तसाच पाहिजे," असं भल्याभल्या प्राध्यापकांना फोनवर सुनवायची.

आजचा प्रबंध घरच्यांच्या मर्जीविरुद्ध झालेल्या लग्नांवर होता. त्यात तुरुंगातल्या एका भावाची मुलाखत होती. बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला आपण घरी कसं बोलावून घेतलं, ते तो सांगत होता. अर्पितानं त्याच्या बोलण्याला दुहेरी चिन्हं दिली, बहिणीला म्हटलेल्या वाक्यांना आत एकेरी दिली आणि त्यांचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं. वाक्यं इंग्रजीत होती, पण तिला ती आपल्या वऱ्हाडीतच ऐकू आली: 'राग गेला आमचा. दोघंबी जेवाले या.'

ती दोघं जेवायला गेली होती. पुढचा परिच्छेद पंचनाम्याचा होता.

अर्पिता पाणी प्यायला उठली, तेवढ्यात धम्मरत्न हातातला फोन नाचवत आत आला. लग्न झाल्यापासून नवऱ्याला इतकं खुश तिनं पाहिलं नव्हतं.

 

"अर्पिता, तुह्या भावाचा फोन होता! पहिल्यांदा बोलला माह्याशी. मी तर हाव म्हणून टाकलं. तो म्हणे, 'राग गेला आमचा. दोघंबी जेवाले या.'"