अशी लागते हाताला

नर्सताईंनी रबराचा स्तन टेबलावर ठेवला, तशा आरोग्यसखीचं शिक्षण घ्यायला आलेल्या विडी कामगार बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

अंबूबाईनं हात लावून पाहिला. आतल्या गाठीवर तिची बोटं थांबली आणि हसू मावळलं. “ताई, अशीच मला पण आहे. दुखत नाही, म्हणून बोलले नाही कुणाला.”

दवाखान्यात कळलं, फार उशीर झाला होता. तरी अंगात बळ होतं तोवर ती वस्तीत घरोघर शिकवत फिरली. शेजारची रेहाना लाजून आत पळायला लागली, तेव्हा अंबूबाईनं तिचा हात आपल्याच छातीवर ठेवला. “ही बघ, अशी लागते हाताला.”

रेहाना रडू लागली. “मावशी, मला पण आहे. बारीकशी.”

“मग उद्याच चल,” म्हणत अंबूबाई स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेली.

ऑपरेशन होऊन रेहाना घरी परतली, तेव्हा शेजारच्या दारात अंबूबाईला शेवटची आंघोळ घालत होते. गर्दीतून वाट काढत रेहानानं तिचा थंड हात धरला. “मावशी, डॉक्टर म्हणाले, मी वाचले. तुलाच सांगायला येत होते गं.”