हाडांचा दाखला

हाडं तपासणाऱ्या यंत्रावरून उतरताना कुंदाने पडद्याकडे बघितलंच नाही. तिची सासू जनाबाई मात्र चष्मा पुसून पुढे सरकली.

कारकून म्हणाला, "हाडं सांगतायत, बालपण दुष्काळी भागात गेलंय. मानेचे मणके दबलेत, डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहिलेत. बंदरावर मासळी विकायचा परवाना फक्त किनाऱ्यावर वाढलेल्यांना मिळतो, बाई."

"दाभोळची म्हणून सांगितलंस ना गो?" जनाबाई कडाडली. "मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. बोंबलाची खवलं कुणी काढतं का? तू ती शोधत बसली होतीस!"

"खरं सांगितलं असतं तर सून करून घेतली असती?"

जनाबाई तिच्याकडे पाठ करून कारकुनाकडे वळली.

"मग परवाना तुमच्या नावावर करू, आजी," कारकून म्हणाला. "तेवढी तुमची हाडं बघतो. चढा."

"माझे गुडघे दुखतात."

"मिनिटभराचं तर काम आहे."

जनाबाईने पदर ओढून मान झाकली. "चल गो घरी. नको आपल्याला परवाना."

एकोणीस वर्षांत सासूने धंद्यावर असं पाणी कधीच सोडलं नव्हतं. कुंदा तिच्या झाकलेल्या मानेकडे बघत राहिली.

"आई," तिने हळूच विचारलं, "तुमच्या गावाला विहीर किती लांब होती?"