शक्तीचं औषध

"तुमच्या दुधातून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून हे औषध त्याला रोज पाजा," दवाखान्यातल्या नर्सने मैनाला सांगितलेलं. "माझ्या आईला कळू देऊ नको," नवऱ्याने बजावलं. म्हणून सासूला बाटली देताना मैना म्हणाली, "शक्तीचं औषध हाय." नणंद हेमालीही बाळंतपणाला माहेरी आलेली, दोन्ही बाळांची अंघोळ, धुरी, औषधपाणी सासूच बघायची. बाटली रोज कमी होताना बघून मैनाला धीर यायचा. आज भिवंडीला बाळाचं रक्त तपासायचं होतं. निघण्यापूर्वी बाळाला पदराखाली घेत तिने विचारलं, "आई, औषध एकदाबी चुकलं न्हाय ना?" सासूने रिकामी बाटली दाखवली. "एक दिस न्हाय! तुझा गुटगुटीत हाय, त्याला कशाला शक्तीचं? हेमालीचं पोर किडकिडीत, म्हणून सगळं त्यालाच पाजलं." मैनाने बाळाला छातीपासून ओढून काढलं. ते किंचाळलं. सासू कळवळली, "अगो, पोटभर पिऊ दे त्याला!"